आधी ओळखीचा नमुना

३ जून

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण डॉक्टरांच्या मते बरोबर दुखतो. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि ठेवल्यावर कोण काय म्हणालं ते दोघांनाही सांगता येत नाही. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा.

तर ऐक. माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, काचवाला राहतो. लोकांच्या खिडक्यांना काचा बसवतो. घरात बायको, दोन मुली आणि दारात पांढरी व्हॅन. व्हॅनच्या अंगाला लाकडी चौकट ठोकलीय, तिच्यात काचा उभ्या करून दिवसभर फिरत असतो. माझं ऑपरेशन झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो मला व्यायामाच्या दवाखान्यात सोडतो आणि तासाभराने परत आणतो. मी मागितलं नव्हतं. कुबडी काखेत धरून टॅक्सीला हात करताना त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, चला, वाटेतच आहे." वाटेत अजिबात नाही. मी नकाशा बघितलाय.

गेल्या शुक्रवारी चष्मा पुसायला फडकं शोधत मी त्याच्या गाडीतला समोरचा कप्पा उघडला. फडक्याखाली विम्याचा कागद. माझी सवय तुला ठाऊक आहे, कागद हातात आला की मी आधी तारीख बघते. मुदत फेब्रुवारीत संपलेली!

मी विचारलं, "नवा कागद कुठाय?"

"करायचाय हो मावशी. या महिन्यात करतोच."

"कुठल्या महिन्यात?"

"याच," म्हणाला आणि रेडिओ मोठा केला.

चार महिने तो असाच गाडी चालवतोय, आणि त्या गाडीत मी आठवड्यातून चार खेपा बसते. तक्रार करावी तर कुठल्या तोंडाने, आणि न करावी तर उद्या कुणाला लागलं तर काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुझा जन्म विमा कंपनीच्या दावे विभागात गेला. तूच सांग.

तुझी ताई


९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. यात विचारण्यासारखं काय आहे? तक्रार कर. आजच कर.

मुद्दे देतो. पहिला मुद्दा, विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, मग चालवणारा कितीही गोड असो. दुसरा मुद्दा, विमा त्याच्यासाठी नसतोच मुळी. तो ज्याला धडकेल त्याच्यासाठी असतो. तिसरा मुद्दा लिहिता लिहिता विसरलो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा होता.

आता मुद्दे बाजूला ठेवून सांगतो. मी बावीस वर्षांचा असताना मला सायकलवरून ज्याने उडवलं, तो काय गुंड होता? चांगला माणूस होता. रोज दवाखान्यात यायचा, येताना मोसंबी आणायचा, खाटेशी बसून सोलून द्यायचा आणि आईपेक्षा जास्त रडायचा. फक्त त्याच्या गाडीला विमा नव्हता. सहा महिने मी खाटेवर होतो, आणि तुझ्या पहिल्या नोकरीचा वर्षभराचा पगार माझ्या उजव्या पायात गेला. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण पाऊल टाकताना मला अजून आठवतं. चांगुलपणाने हाड जुळत नाही, ताई.

सरकारी साइट आहे. तिथे गाडीचा नंबर टाकला की विमा चालू आहे की संपलाय ते मिनिटात दिसतं. तक्रारीचा अर्जही तिथेच मिळतो, छापून घेऊन टपालानेही पाठवता येतो. तुझं नाव गुप्त राहतं. आधी खात्री कर, मग अर्ज कर.

मी मजेत. नातीला रोज सकाळी पोहायला नेतो. मागच्या सीटवर बसून "आजोबा, जोरात!" म्हणून ओरडते. मी काही ऐकत नाही तिचं.

तुझा,
छोट्या


१५ जून

प्रिय छोट्या,

पत्र वाचलं. मोसंब्यांचा भाग दोनदा वाचला. पगाराचं पुन्हा काढलंस तर याद राख.

परवा काचवाल्याबरोबर गेले तेव्हा मुद्दाम त्याच्या चालवण्यावर लक्ष ठेवलं. अरे, हा माणूस गाडी चालवत नाही, गाडीची समजूत काढतो. मागे काचा असतात ना! गतिरोधक आला की आधी थांबतो, मग पुढची चाकं चढवतो, मग श्वास सोडतो, मग मागची. परवा एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. नंतर एका आजोबांनीही टाकलं, आणि ते चालत होते. गाडीही कशी जपलीय. समोरच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात मुलीने कागदाचं लाल फूल चिकटवलंय, लांब देठासकट. अशा माणसाविरुद्ध अर्ज करायचा म्हणजे हात जड होतो.

तरी तू सांगितलंस तशी साइट उघडली. पण सगळं इथेच अडलंय.

तेहतीस वर्षं मी दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं. आमचा एक नियम होता. सकाळी यंत्र सुरू केलं की पेशंटचं रक्त लगेच लावायचं नाही. आधी ओळखीचा नमुना लावायचा, म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच यंत्रावर विश्वास ठेवायचा. तेच इथे केलं. काचवाल्याचा नंबर टाकण्याआधी एका अशा गाडीचा नंबर टाकला जिच्या विम्याबद्दल मी डोळे मिटून शपथ घेईन. उत्तर आलं, "मुदत संपली."

तीनदा टाकला. तीनदा तेच. म्हणजे साइट बिघडलीय. अशा यंत्रावर विसंबून मी शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणार नाही. हो ना? मी म्हणते ते बरोबर आहे ना?

आणि नातीला पोहायला पायीच का नेत नाहीस? सकाळची हवा चांगली असते.

तुझी ताई


२० जून

प्रिय ताई,

साइट बिघडली म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं.

ती साइट बिघडत नाही. कंपन्यांची माहिती थेट तिथे जाते. आमच्याच विभागातली दोन माणसं ती उभी करायला गेली होती. तिच्यावर "मुदत संपली" दिसलं म्हणजे मुदत संपली, काळ्या दगडावरची रेघ. लिहून देतो. हे बघ, लिहूनच देतोय.

तेव्हा तुझा तो ओळखीचा नमुनाही बिनविम्याचा फिरतोय, एवढाच याचा अर्थ. कोण आहे तो? तुझी ती भिशीतली मैत्रीण? का डॉक्टर? डोळे मिटून शपथ घ्यावी अशी माणसंच असं करतात, आमच्याकडे ढिगाने यायची. आपण सुशिक्षित, आपण सभ्य, मग आपल्याला काय होणार! अशांचा मला काचवाल्यापेक्षा जास्त राग येतो. काचवाल्याला निदान धंद्याची धावपळ आहे. माझं ऐक, एकाऐवजी दोन अर्ज कर. ओळखीचा आहे म्हणून सोडलंस तर काचवाल्याविरुद्ध बोलायचा तुला काय हक्क?

पायी कशाला नेऊ? गाडी दारात आहे, माझा पाय हा असा, आणि पोहण्याचा तलाव घरापासून तीन किलोमीटर. सूनही वाटेत ऑफिसला उतरते. सकाळी अख्खं घर माझ्या गाडीत असतं म्हण ना.

तुझा,
छोट्या


२३ जून

छोट्या,

सकाळी फोन केला, "गाडी काढू नकोस" एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. तू उलट फोन करत राहिलास, मी उचलला नाही. कारण हे आहे.

ओळखीचा नमुना तू होतास.

तुझ्या गाडीचा नंबर मला पाठ आहे, चारही आकडे सारखे. अख्ख्या जगात एकाच्या विम्याची खात्री द्यायची झाली तर मी तुझीच दिली असती. म्हणून तो टाकला. नोव्हेंबरात संपलाय. सात महिने झाले.

पंधरा तारखेलाच सांगायला हवं होतं. साइटच बिघडली असेल अशी आशा धरून बसले, ही माझी चूक. तेवढे दिवस ते पोर मागच्या सीटवर होतं, आणि हे मला माहीत होतं. त्याबद्दल तू मला काय हवं ते बोल.

चिडू नकोस. म्हणजे चीड, पण गाडी काढू नकोस.

ताई


४ जुलै

प्रिय ताई,

अकरा दिवस लिहिलं नाही. आधी चार दिवस तुझ्यावर चिडलो, मग साइटवर चिडलो. साइट बरोबर आहे म्हणून लिहून दिलं होतं, तेव्हा तोही रस्ता बंद. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तू हे म्हणणारच होतीस, मीच म्हणून टाकलं.

कसं झालं ते सांगतो. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या विम्याचे कागद तपासले. घरचा विमा तुझी भावजय भरायची. "तुम्ही ऑफिसात काय ते शहाणपण करा, घरचं मी बघते," म्हणायची, आणि बघायची. दरवर्षी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल करायची आणि त्यात "गाडी" लिहायची. कंपनीचे आठवणीचे मेसेज तिच्याच फोनवर येतात. तो फोन बंद करून मी कप्प्यात ठेवलाय.

ती गेली ऑक्टोबरात. कॅलेंडरचं पान ऑक्टोबरचंच राहिलं. सून दोनदा म्हणाली, बाबा, नवीन लावूया का. मी नको म्हणालो. तुझं पत्र आल्यावर ते पान उचलून बघितलं. खाली नोव्हेंबर होता. एकोणीस तारखेला लाल गोल होता. सगळ्या वर्षाचे गोल तिने जानेवारीतच करून ठेवले होते, ताई. मी नुसतं एक पान उलटलं असतं तरी पुरे होतं.

मी खूप रडलो. ते झाल्यावर चपला घातल्या आणि कंपनीच्या ऑफिसात चालत गेलो. खिडकीतली मुलगी मला ओळखत नव्हती. "काका, एवढा उशीर करून चालत नाही," म्हणाली आणि मला विम्याचं महत्त्व समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं. गाडी बघायला माणूस आला, त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, आणि काल कागद हातात पडला. तोवर नातीला बसने नेलं. तिला बस जास्त आवडली, कारण बस जोरात जाते.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्याने मला उडवलं त्याला मी बेचाळीस वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्याच्या घरी काय झालं होतं, त्याचं कुठलं पान उलटायचं राहिलं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. पाय त्याच्यामुळेच अधू झाला, ते खरंच आहे. पण त्या माणसाला आधी कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं.

म्हणून माझा सल्ला बदलतो. काचवाल्याला तोंडावर सांग, मला सांगितलंस तसं. नाहीच ऐकलं, तर अर्ज.

पंधरा ते तेवीस जूनबद्दल तू लिहिलंस. माफ. पण पुढच्या वेळी नमुना बिघडलेला निघाला तर त्याच दिवशी फोन कर.

तुझा,
छोट्या


२६ जुलै

प्रिय छोट्या,

बरेच दिवस लागले, कारण मधल्या काळात मला शेजार नव्हता. नीट सांगते.

तुझं पत्र आलं त्या शुक्रवारी काचवाल्याने हॉर्न वाजवला. मी कुबडी घेऊन बाहेर गेले आणि गाडीत न बसता म्हटलं, "मी आजपासून बसणार नाही. आणि हा तक्रारीचा अर्ज आहे, तुमचा नंबर लिहिलेला. सोमवारपर्यंत गाडी दारात उभी राहिली आणि विम्याची हालचाल दिसली तर हा फाडीन. नाहीतर टपालात टाकीन. मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

तो आधी हसला, मग म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला दोन महिने फुकट नेतोय."

"म्हणून तर तोंडावर सांगतेय," मी म्हटलं. पण खरं सांगते, ते मला फार लागलं. दार लावून घेतलं.

शनिवारी व्हॅन हलली नाही. रविवारी नाही. सोमवारी त्याने कुठूनशी हातगाडी आणली आणि काचा तिच्यावरून न्यायला लागला. माझ्याकडे बघेना. मी टॅक्सीने दवाखान्यात जायला लागले. त्या टॅक्सीवाल्याच्या चालवण्याने माझा दुसरा गुडघाही दुखायला लागला.

बुधवारी त्याची बायको आली. मला वाटलं आता भांडण. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, मी चार महिने हेच सांगतेय त्यांना. तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे गाडी थांबली." मग खरं कारण कळलं. फेब्रुवारीत त्याला आठ दिवस उशीर झाला. उशीर झाला म्हणून कंपनीचा माणूस गाडी बघायला आला, आणि म्हणाला, समोरच्या काचेला तडा आहे, आधी ती बदला. ते कागदाचं फूल आठवतंय? देठ कागदाचा नव्हताच. तो तडा होता. पोरीने त्याच्या टोकाला नुसतं फूल चिकटवलं होतं. एवढी वर्षं रक्तातले कण मोजले आणि नाकासमोरचा तडा मला दिसला नाही.

आता तू म्हणशील, काचवाल्याच्या गाडीची काच फुटलेली? तिथेच तर सगळं अडलं होतं. तो खिडक्यांच्या सपाट काचा बसवणारा. गाडीची काच वाकवलेली असते, तिचा कारागीर वेगळा, आणि तो बाजाराच्या मागेच दुकान थाटून बसलाय. आमचे काचवाले म्हणतात, "मी, तीन पिढ्यांचा काचवाला, गिऱ्हाईक होऊन दुसऱ्या काचवाल्याच्या दारात उभा राहू?" चार महिने हा माणूस बिनविम्याचा फिरला, कशासाठी, तर कुणी हसू नये म्हणून!

मी त्याला बोलावलं. म्हटलं, मी तेहतीस वर्षं लोकांची साखर तपासली आणि स्वतःची दोन वर्षं तपासली नव्हती. माझा भाऊ विमा कंपनीत जन्म काढून सात महिने बिनविम्याचा फिरत होता. (हो, सांगितलं. रागाव.) हे ऐकून तो असा हसला की त्याची बायको दारापर्यंत बघायला आली. म्हणाला, "मग मी एकटाच नाही तर."

तरी त्या दुकानात जाईना. शेवटी गिऱ्हाईक मी झाले. फोन करून गाडीच्या काचवाल्याला घरी बोलावलं, माझ्या नावावर काम दिलं. पैसे अर्थात आमच्या काचवाल्यांचेच. ठरलं असं, की हे घरातून बाहेर यायचे नाहीत. पडद्याआड उभे. तो कारागीर जुनी काच काढून नवी बसवायला लागला, तोच पडद्यामागून आवाज, "अहो, खालची कडा आधी धरा!" कारागीर दचकला. म्हणाला, "गाडीची काच आहे, वरची आधी धरतात." झालं. हे बाहेर आले. अर्धा तास दोघं वरची कडा का खालची कडा यावर भांडले, मी चहा करून दिला, आणि जाताना तो कारागीर यांना स्वतःच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीला काच बसवायचं काम देऊन गेला. ती फुटलेलीच होती, वर्षभर!

विमा मंगळवारी झाला. मी साइट उघडली. आधी ओळखीचा नमुना लावला, तुझा नंबर. "वैध." मग त्याचा. "वैध." शुक्रवारी पुन्हा त्याच्या व्हॅनमधून दवाखान्यात गेले. फूल नव्या काचेवर लावलंय, देठ पोरीने हिरव्या पेनने काढून दिलाय.

त्याचा अर्ज त्याच्यासमोर फाडला. दुसरा सोबत पाठवतेय. तू दोन अर्ज कर म्हणाला होतास ना? मी दोन छापून आणले होते, आणि पहिला भरला तो तुझा. तुझ्याविरुद्ध माझा हात धजत नसेल तर काचवाल्याविरुद्ध उचलायचा मला हक्क नव्हता. तू म्हणालास ते बरोबरच होतं. हात धजला. सही केली. मग टेबलावर डोकं ठेवून रडले, कारण त्या अर्जात "गाडीच्या मालकाशी नातं" असा रकाना आहे.

तुझी ताई


३१ जुलै

प्रिय ताई,

अर्ज मिळाला. जुनी सवय, आधी वरून खाली तपासला. गाडीचा नंबर बरोबर. पत्ता बरोबर. नात्याच्या रकान्यात "धाकटा भाऊ", अक्षर जरा हललेलं. सही तुझीच, नेहमीसारखी खोडसाळ.

तारखेची चौकट रिकामी आहे.

ताई, बिनतारखेचा अर्ज कुठलंही ऑफिस घेत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. आणि कागद हातात आला की तू आधी तारीख बघतेस. तेव्हा चुकून राहिली, असं मला सांगू नकोस.

ती तारीख मी भरलीय. माझा विमा पुढच्या वर्षी ज्या दिवशी संपतो, त्याच्या पंधरा दिवस आधीची. तुझ्या भावजयीचं कॅलेंडर उतरवलं, गुंडाळून तिच्या कप्प्यात ठेवलं. त्या खिळ्याला नवीन लावलं आणि खाली तुझा अर्ज टाचला. सून विचारत होती, बाबा, हे काय. म्हटलं, तुझ्या आत्याबाईंचं प्रेमपत्र आहे.

शनिवारी येतोय, गाडीने, नातीला घेऊन. आठवडाभर राहू. काचवाल्यांना सांग, मला त्यांच्याबरोबर चहा प्यायचाय आणि खालच्या कडेची बाजूही ऐकायचीय. मंगळवारी तुला दवाखान्यात मी सोडीन. बसायच्या आधी नंबर टाकून बघ, मला राग येणार नाही.

तुझा,
छोट्या